पक्षनामें आणि चरित्रकार

अमरावतीहून नागपूरच्या वाटेला लागलें म्हणजे नांदगांव पेठ येतें. याच जिल्ह्यांत नांदगांव खंडेश्वर म्हणून दुसरें गांव आहे. तेव्हां ‘पेठ’ या पदाचें आजचें काम एका नांदगांवास दुसऱ्यापासून वेगळें ओळखविणें एवढेंच; तेथें व्यापार किती चालतो हें त्यावरून कळत नाहीं. राजकीय पक्षांचीं नांवें बहुधा याच जातीचीं असतात. कोण कोणापासून वेगळा हें तीं सांगतात. त्याचें मत काय, हें फारसें सांगत नाहींत.

‘खापर्डे आधीं जहाल होते, पुढें मवाळ झाले’ हें वाक्य विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत आम्हीं अनेक वेळां वाचलें आहे, आणि त्यास गुणहि दिले आहेत. दोष विद्यार्थ्यांचा नव्हे. आमचीं चरित्रें व पाठ्यपुस्तकें हीच भाषा बोलतात. परंतु या वाक्यानें एका थोर वऱ्हाडी पुरुषाच्या निष्ठेवर डाग लागतो, म्हणून त्याची परीक्षा करणें अवश्य आहे.

सन १८९७ मध्यें अमरावतीस राष्ट्रीय सभा भरली, तेव्हां दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्याच गांवचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर हेहि वकील आणि सभेचे अभिमानी. दहा वर्षांनीं सुरतेस सभा दुभंगली. खापर्डे टिळकांच्या बाजूस राहिले, मुधोळकर दुसऱ्या. तेव्हांपासून एक जहाल व दुसरे मवाळ ठरले. पण ‘मवाळ’ हें नांव त्या मंडळींनीं हौसेनें घेतलेलें नव्हे. तीं आपणांस नेमस्त, पुढें प्रागतिक म्हणवीत. टिळकपक्षहि स्वतःस ‘राष्ट्रीय’ म्हणवी.

खुद्द टिळकांनीं २ जानेवारी १९०७ रोजीं कलकत्त्यास सांगितलें होतें कीं, हे शब्द कालसापेक्ष आहेत. आजचे जहाल उद्यां मवाळ गणले जातील. हें भाकित त्यांच्याच निकटच्या सहकाऱ्याच्या वांट्यास आलें. टिळकांच्या अपिलासाठीं १९०८ सालीं विलायतेस जाणारे खापर्डे १९२० च्या असहकारितेंत सामील झाले नाहींत. ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्यें गेले. नव्या जहालांच्या लेखीं ते मवाळ झाले. परंतु कायदेमंडळांत शिरून तेथें भांडावें, ही टिळकांचीच १९२० च्या एप्रिलांतील भूमिका होती. मनुष्य होता तेथेंच राहिला. मोजपट्टी पुढें सरकली.

यावर कोणी म्हणेल, मग पक्षभेद मिथ्याच काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. तुरुंगांत जाणें आणि कौन्सिलांत बसणें यांतील अंतर खरें आहे, आणि तें मोजलेंच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कृत्याचें मोजमाप नांवावर सोपवूं नये. १९२५ सालीं अमरावतीच्या श्रीपाद बळवंत तांब्यांनीं मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारांत अधिकारपद स्वीकारलें, तेव्हां स्वराज्य पक्षांत कल्लोळ झाला. पुढल्याच वर्षीं अकोल्यास ‘प्रतियोगी सहकारिता’ या टिळकांच्या शब्दावर नवा पक्ष उभा राहिला. एकास तो शब्द गुरूपदेश वाटला, दुसऱ्यास अधिकारलोभाचें पांघरूण. शब्द तोच, निवाडा मात्र शब्दानें होणारा नव्हता.

ही गोष्ट जुन्या काळापुरती नाहीं. १९७८ सालीं मुंबईस ‘पुरोगामी लोकशाही दला’चें सरकार आलें, त्यांत पूर्वीचे जनसंघीयहि होते. केवळ नांवावरून निर्णय करणारा उद्यांचा चरित्रकार तेथेंहि फसेल.

म्हणून चरित्रकारानें असा शब्द लिहितांना, तो कोणत्या सालीं व कोणाच्या तोंडचा, हें सांगावें. विद्यार्थ्यांनींहि तसेंच लिहावें. आणि परीक्षकांनीं, आम्हीं धरून, यापुढें गुण देतांना जपावें.