पिशवी कोणाची? : अमेरिकेतील पिशवी-उपविधींतील व्याख्यांची समीक्षा

कायद्याच्या मसुद्याला वाङ्मयकृती कोणी म्हणत नाही, आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. तथापि कोणत्याही अधिनियमाचे वा उपविधीचे व्याख्या-प्रकरण वाचू लागले म्हणजे समीक्षकाच्या नित्य परिचयाचा एक प्रश्न उभा राहतो : येथे योजिलेला शब्द आणि त्याने निर्दिष्ट होणारी वस्तू यांचा मेळ बसतो काय? काव्यात हा मेळ चुकला तर रसहानी होते. कायद्यात तो चुकला, तर ज्या अनिष्टाच्या निवारणासाठी कायदा केला ते अनिष्ट कायद्याच्याच आश्रयाने वाढू लागते.

दुकानांतून मिळणाऱ्या टाकाऊ पिशव्यांवर नियंत्रण घालणारे उपविधी अमेरिकेतील नगरसंस्थांनी २००७ पासून केले. त्यांची चर्चा बहुधा पर्यावरणाच्या किंवा व्यापाराच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. ‘पुनर्वापरयोग्य’, ‘एकवापरी’ आणि ‘शुल्क’ या तीन शब्दांची या उपविधींत काय गत झाली, एवढेच येथे पाहावयाचे आहे. या परीक्षणातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगून टाकणे बरे. पिशवी टाकाऊ आहे की नाही हे तिच्या जाडीवर ठरत नसून ती कोणाच्या मालकीची मानली जाते यावर ठरते. आणि हे ज्या उपविधींच्या ध्यानात आले नाही ते आपल्याच व्याख्येत अडकले.

१

प्रथम घटनाक्रम पाहू. सॅन फ्रान्सिस्को नगराचा मूळ विचार बंदीचा नव्हताच. दर पिशवीमागे १७ सेंट आकारावेत अशी कल्पना तेथे पुढे आली होती. परंतु २००६ साली कॅलिफोर्निया राज्याने एक अधिनियम करून मोठ्या दुकानांवर वापरलेल्या प्लॅस्टिक पिशव्या परत घेण्याची सक्ती केली, आणि त्याच अधिनियमाने स्थानिक संस्थांना अशा पिशव्यांवर शुल्क बसविण्यास मनाई केली. शुल्काचा मार्ग असा बंद झाल्यावर नगराने २७ मार्च २००७ रोजी मोठी किराणा दुकाने व औषध-दुकानांच्या साखळ्या यांच्यापुरती बंदी संमत केली. अमेरिकेतील एखाद्या नगराने घातलेली अशी ही पहिली बंदी होय. म्हणजे ज्या उपविधीकडे पुढे आदर्श म्हणून पाहिले गेले, तो निवडीने जन्मला नसून अडवणुकीतून जन्मला होता.

त्यानंतर न्यायालयीन वाद सुरू झाले. मॅनहॅटन बीच या समुद्रकाठच्या छोट्या नगराने २००८ साली बंदी घातली, तेव्हा पिशवी-उत्पादकांच्या संघटनेने आक्षेप घेतला की, प्लॅस्टिक गेल्यावर कागदी पिशव्या वाढतील, त्यांचाही निसर्गावर भार पडेल, म्हणून नगराने आधी सविस्तर परिणाम-अहवाल करावयास हवा होता. १४ जुलै २०११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. एवढ्या लहान नगरात कागदी पिशव्यांच्या वाढीचा परिणाम नगण्य ठरेल, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. या निर्णयाने इतर नगरांचा मार्ग पुष्कळसा मोकळा झाला. अखेर ३० सप्टेंबर २०१४ रोजी संपूर्ण राज्यासाठी अधिनियम झाला. उत्पादकांनी त्याविरुद्ध सार्वमताची मागणी केल्यामुळे त्याची अंमलबजावणी थांबली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे ५३ टक्के मतदारांनी कौल दिल्यानंतर तो अंमलात आला.

२

आता या अधिनियमातील ‘पुनर्वापरयोग्य पिशवी’ या शब्दाकडे वळू. तिला मूठ असावी. तिच्यात किमान १५ लिटर माल मावावा. २२ पौंड वजन घेऊन १७५ फूट अंतर निदान १२५ वेळा जाण्याइतकी ती टिकाऊ असावी. आणि ती प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची असल्यास तिची जाडी किमान २.२५ मिल, म्हणजे सुमारे ५७ मायक्रॉन, असावी, अशी ही व्याख्या होती. वाचणाऱ्याला ती काटेकोर वाटते. वजन, अंतर, खेपा, जाडी, सर्व काही मोजून दिलेले आहे.

परंतु या व्याख्येतील एकही अट प्रत्यक्ष वापराविषयी बोलत नाही. १२५ खेपा सहन करण्याची क्षमता ही वस्तूचा गुण आहे. १२५ खेपा करणे ही माणसाची कृती आहे. मसुदाकारांनी पहिलीवरून दुसरी गृहीत धरली. पूर्वीची पातळ पिशवी सुमारे अर्ध्या मिलची असे. नवी पिशवी तिच्या चौपटीहून जाड झाली. तिच्यावर ‘पुनर्वापरयोग्य’ असा शिक्का आला. आणि गल्ल्यापाशी ती १० सेंटांना मिळू लागली. ग्राहकाने मात्र तिला जुन्या पिशवीप्रमाणेच वागविले. परिणाम काय झाला? राज्याच्या कचरा-मोजणीनुसार २०१४ साली फेकल्या गेलेल्या अशा पिशव्यांचे वजन सुमारे १ लाख ५७ हजार टन होते. २०२० नंतरच्या मोजणीत ते सुमारे २ लाख ३१ हजार टनांवर गेले. या वाढीला साथीच्या काळाचाही हातभार लागला हे खरे. एप्रिल २०२० मध्ये राज्यपालांच्या आदेशाने ही बंदी ६० दिवस स्थगित झाली होती. तरीही वजन वाढण्याचे एक कारण व्याख्येतच होते. पिशव्यांची संख्या घटली तरी प्रत्येक पिशवीत प्लॅस्टिक अधिक होते.

राज्याला ही चूक मान्य करावी लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या नव्या अधिनियमाने प्लॅस्टिक पापुद्र्याच्या सर्व पिशव्या, मग त्या कितीही जाड असोत, १ जानेवारी २०२६ पासून गल्ल्यावरून हद्दपार केल्या.

३

‘पुनर्वापरयोग्य’ या शब्दाचा प्रतिपक्षी जो ‘एकवापरी’, त्याचीही कथा अशीच आहे. अर्थशास्त्रज्ञ रेबेका टेलर यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातील स्थानिक बंदींच्या काळातील विक्रीचे आकडे तपासले. दुकानी पिशव्यांतून सुमारे ४ कोटी पौंड प्लॅस्टिक कमी झाले, पण विकत घेतलेल्या कचरा-पिशव्यांतून सुमारे १ कोटी २० लाख पौंड प्लॅस्टिक वाढले, असे त्यांना आढळले. लहान आकाराच्या कचरा-पिशव्यांची विक्री तर १२० टक्क्यांनी वाढली. याचा अर्थ उघड आहे. कायदा ज्या पिशवीला एकवापरी म्हणत होता, तिच्यापैकी बऱ्याच पिशव्या घरोघर कचऱ्याच्या डब्यात दुसऱ्यांदा वापरल्या जात होत्या. उलट कायदा जिला पुनर्वापरयोग्य म्हणत होता ती अनेकदा एकदाच वापरून फेकली जाई.

यावरून बंदी निष्फळ झाली असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. चार कोटींतून सव्वा कोटी वजा जाता जे उरते ते थोडे नव्हे. शिवाय झाडांना लटकणारी व गटारे तुंबविणारी पिशवी आणि डब्यात बांधून टाकलेली पिशवी यांत वजन सारखे असले तरी उपद्रव सारखा नसतो. आक्षेप आहे तो शब्दयोजनेवर. वस्तूच्या नावातच तिच्या वापराचा निर्णय देऊन टाकल्यामुळे घरातील प्रत्यक्ष व्यवहार पाहण्याची गरजच मसुदाकाराला भासली नाही.

४

तिसरा शब्द ‘शुल्क’. लॉस एंजलिस काउंटीने २०१० साली आपल्या थेट अधिकारातील भागात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी व कागदी पिशवीवर १० सेंट आकार लावला. त्याच वर्षी राज्याच्या मतदारांनी करांची व्याख्या व्यापक करणारी घटनादुरुस्ती संमत केली होती. त्यामुळे हा आकार म्हणजे मतदारांच्या संमतीवाचून लादलेला कर आहे, असा दावा झाला. २०१३ साली अपील न्यायालयाने तो अमान्य केला. कारण असे की, हे १० सेंट सरकारजमा होत नाहीत. ते दुकानदाराकडेच राहतात. युक्तिवाद निर्दोष आहे; पण त्याचे फळ विचित्र आले. करविषयक वादातून सुटण्यासाठी पैसा दुकानदाराकडे ठेवावयाचा, आणि एकदा तो तेथे राहिला की पिशव्या कमी खपाव्यात अशी निकड दुकानदाराला उरत नाही. २०१६ च्या मतदानात हा पैसा पर्यावरण-निधीकडे वळविण्याचा स्वतंत्र प्रस्ताव होता. मतदारांनी तो नाकारला.

तथापि शुल्काचे खरे मर्म पैशाच्या रकमेत नाही. तातियाना होमोनॉफ यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते स्पष्ट केले आहे. वॉशिंग्टन परिसरातील दुकानांत दोन रीती होत्या : काही ठिकाणी पिशवी घेणाऱ्यास ५ सेंट कर द्यावा लागे, तर काही ठिकाणी स्वतःची पिशवी आणणाऱ्यास ५ सेंट सूट मिळे. रक्कम तीच. परंतु कराने टाकाऊ पिशवी घेणाऱ्या ग्राहकांचे प्रमाण ४० टक्के-बिंदूंहून अधिक घटले, आणि सुटीचा परिणाम जवळजवळ शून्य ठरला. संशोधिकेने याचे स्पष्टीकरण माणसाला लाभापेक्षा तोटा अधिक बोचतो या तत्त्वाने दिले आहे. त्याला आणखी एक वाच्यार्थाची जोड देता येईल. सुटीच्या रीतीत ‘पिशवी दुकानाने द्यावयाची असते’ हे गृहीत अबाधित राहते. कराच्या रीतीत गल्ल्यावर प्रश्न विचारावा लागतो : ‘पिशवी हवी काय?’ त्या प्रश्नासरशी पिशवी मालाचा भाग न राहता ग्राहकाने विचारपूर्वक घ्यावयाची वेगळी वस्तू होते.

येथे कोणी म्हणेल की, कॅलिफोर्नियातही १० सेंट पडतच होते. मग जाड पिशव्या का खपल्या? आक्षेप रास्त आहे, आणि केवळ किंमत पुरेशी नाही हे त्यावरून मान्य केलेच पाहिजे. तेथे किंमत एक सांगत होती आणि शिक्का दुसरेच सांगत होता. ‘ही घेणे टाळ’ असे किंमत सुचवी. ‘ही घेण्यात दोष नाही’ अशी ग्वाही शिक्का देई. दोन शब्द एकमेकांना छेद देऊ लागले म्हणजे वाचक सोयीचा तेवढा उचलतो.

५

चूक झाली तर ती दुरुस्त कोण करू शकतो, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. शिकागो नगराने २०१५ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली. दुकानांनी जाड पिशव्या फुकट देण्यास आरंभ केला. नगराने ही बंदी मागे घेतली आणि १ फेब्रुवारी २०१७ पासून प्लॅस्टिक व कागद या दोहोंवर दर पिशवीस ७ सेंट कर बसविला. म्हणजे दीड वर्षात चूक कळली आणि व्याख्याच बदलली. कॅलिफोर्नियाच्या अधिनियमाने मात्र १ सप्टेंबर २०१४ पूर्वीचे स्थानिक उपविधी चालू ठेवले, पण किमान किंमत वाढविण्यापलीकडे नव्या फेरबदलाची मोकळीक जवळजवळ ठेवली नाही. सॅन फ्रान्सिस्कोने २०२० साली किंमत २५ सेंट केली; जाडीच्या व्याख्येला हात घालणे राज्याचेच काम उरले, आणि त्याला दहा वर्षे लागली.

टेक्सासमध्ये तर हा अधिकारच शब्दार्थावर गेला. लारेडो नगराच्या पिशवी-उपविधीविरुद्ध व्यापाऱ्यांनी दावा केला. घन कचरा-व्यवस्थापनाच्या हेतूने ‘पात्र वा वेष्टन’ यांच्या विक्रीवर स्थानिक संस्थेने निर्बंध घालू नये, असे राज्याचा अधिनियम सांगतो. दुकानातील पिशवी हे पात्र वा वेष्टन होय काय? आणि जी अद्याप फेकलीच नाही तिला कचरा कसे म्हणावे? २२ जून २०१८ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पिशवी त्या शब्दांत येते असा निर्णय देऊन उपविधी रद्द ठरविला. एका शब्दाच्या व्याप्तीवर नगराचा अधिकार गेला.

६

आपल्याकडील स्थिती यापासून फार दूर नाही. भारताच्या केंद्रीय नियमांत पिशवीची किमान जाडी १९९९ मध्ये २० मायक्रॉन होती. ती २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. प्रत्येक वाढ ही आधीचे माप अपुरे पडल्याची कबुलीच आहे. २०१६ च्या नियमांत प्लॅस्टिक पिशव्या देणाऱ्या दुकानदाराने स्थानिक संस्थेकडे नोंदणी करून वर्षाला किमान ४८,००० रुपये भरावेत अशी तरतूद होती. ती २०१८ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. म्हणजे किंमतीचे कलम गेले आणि जाडीचे राहिले. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांवर थेट बंदी घातली, हा मार्ग निराळा. पण तो केंद्रीय मापाशेजारीच उभा आहे.

जाडीच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. ती मोजता येते. निरीक्षकाला मनातला हेतू मोजता येत नाही. कायद्याला मोजता येण्याजोगे काही धरावेच लागते, हे मान्य. परंतु पिशवीची किंमत पावतीवर वेगळी लिहिलेली आहे की नाही, आणि ग्राहकाला विचारल्यावाचून ती दिली जाते की नाही, या गोष्टीही तितक्याच तपासता येतात. आणि त्या जाडीपेक्षा मूळ दोषाच्या अधिक जवळ आहेत.

मराठीने हा भेद नकळत जपला आहे. जुन्या लुगड्याची वा विजारीच्या कापडाची शिवलेली ती ‘पिशवी’. ती घरची, खुंटीवर टांगलेली, फाटली तर ठिगळ लावून पुन्हा वापरावयाची. दुकानातून मिळते ती ‘कॅरीबॅग’. वस्तू परकी आली आणि आपले नाव घेऊन आली. लोकांनी तिला पिशवी म्हणण्याचे बहुधा टाळले. या भेदात प्लॅस्टिक-कापडाचा विचार दुय्यम आहे. घरची की दुकानची, हा मुख्य.

आपल्या नगरपालिकांचे उपविधी व अधिसूचना यांतील व्याख्या-प्रकरणे या दृष्टीने क्रमशः तपासण्याजोगी आहेत. ‘पिशवी’, ‘कॅरीबॅग’, ‘वेष्टन’ हे शब्द कोठे कोणत्या अर्थाने योजिले आहेत, मूळ इंग्रजी मसुदा आणि मराठी पाठ यांत कोठे अंतर पडले आहे, आणि त्या अंतराचा लाभ कोणास मिळाला, याची पाहणी पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास ती भाषा आणि लोकप्रशासन या दोन्ही विभागांच्या उपयोगी पडेल.