आरोपाविना बंदिवास आणि ‘गुबार-ए-खातिर’

तुरुंगात जन्मलेल्या वाङ्मयाचा विचार करताना आपल्याकडे बहुधा सर्व ग्रंथ एकाच मापाने मोजले जातात. शिक्षा भोगणारा कैदी आणि चौकशीविना डांबलेला स्थानबद्ध यांच्या लेखनातील मूलभूत भेद त्यामुळे दृष्टीआड होतो. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे दोन उर्दू ग्रंथ शेजारी ठेवल्यास तो स्पष्ट दिसतो. मराठीबरोबर उर्दूही नित्य कानी पडणाऱ्या आमच्या बऱ्हाणपुरात हे ग्रंथ परके वाटत नाहीत.

१९२२ साली कलकत्त्यात आझादांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्या वेळचे त्यांचे निवेदन ‘कौल-ए-फैसल’ या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे आरोप निश्चित होता, दंडाधिकारी समोर होता. म्हणून वाणी थेट व आवेशयुक्त आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मात्र मुंबईत पकडून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले, ते भारत संरक्षण नियमांखाली. आरोप नाही, खटला नाही, मुदतही नाही. ‘गुबार-ए-खातिर’मधील बहुतेक पत्रे तेथली. ती हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून आहेत. पण तुरुंगातून ती टपालात पडली नाहीत. १९४६ मध्ये ती ग्रंथरूपाने निघाली.

या पत्रांत चहा, चिमण्या व काव्यचर्चा फार आणि राजकारण थोडे, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो मान्य नाही. आरोपच सांगितला नाही, तर बचाव कशाचा करावयाचा? उत्तर देण्याचा हक्क हिरावला गेला म्हणजे लेखक दूरच्या मित्राशी मनातल्या मनात बोलू लागतो. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात निवर्तल्या. सरकारकडे याचना न करणाऱ्या पतीस अखेरची भेट घडली नाही. त्या प्रसंगावरील पत्राचा संयम हाच त्या कायद्यावरील सर्वांत कठोर अभिप्राय होय.

त्याच महिन्यात केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने स्थानबद्धतेचा २६ वा नियम अवैध ठरविला. सरकारने लगोलग वटहुकूम काढून तो सावरून घेतला. किल्ल्याचे दार बंदच राहिले.

आपल्या संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातही प्रतिबंधक स्थानबद्धतेस स्थान आहे. कारणे कळविण्याचे बंधन तेथे आहे. तथापि लोकहिताच्या नावाखाली तथ्ये न सांगण्याची मुभाही आहे. म्हणून हा ग्रंथ शिकविताना शिक्षकाने चहाच्या वर्णनाशीच थांबू नये. ही पत्रे टपालात का पडली नाहीत, हे विद्यार्थ्यांस अवश्य विचारावे.