पाठ करून झोपलेला इसम

सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि आशा भोसल्यांचा आवाज. ‘तरुण आहे रात्र अजुनी’ हे गाणे निव्वळ शृंगाराचे आहे, असे पुष्कळ लोक समजतात. समजोत बापडे! आम्ही बी. कॉम. झालेली माणसे. काव्यातले फारसे कळत नाही, पण जमाखर्च जुळत नसला की लगेच खटकते. इथे जमेच्या बाजूला काय नाही? रात्र आहे, चांदणे आहे, तेही कोजागिरीचे. आणि नावे बाजूला एकच इसम, तो पाठ करून झोपलेला!

बरे, बाई रडत नाही की भांडत नाही. नुसती विचारते. कडव्यामागून कडवे प्रश्नावर येऊन थांबते आणि उत्तर एकाचेही नाही. बँकेत अशा बेवारशी रकमा आम्ही उचंत खात्यात टाकतो आणि मार्चअखेर त्यांचा निकाल लावतो. या बाईच्या प्रेमाला मार्चअखेर नाही.

आशाबाई हे विचारतात तेही किती हळू! जरा आवाज चढला असता तर भांडण झाले असते, आणखी उतरला असता तर अंगाई.

माझा खरा जीव मात्र रातराणीच्या कडव्यावर. रातराणीचा गंध तूच पळवलास का, अशी चौकशी तिथे चक्क पश्चिमेकडचा वारा करतो. आमच्या जालन्यात रात्री गच्चीवर जो काय वारा येतो, तो बहुधा सळयांच्या कारखान्यांवरून. त्याने कुणाची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा चौकशी बाईचीच, फक्त अर्ज वाऱ्याच्या नावाने. स्वतःच्या सहीने विचारले आणि तो ‘हो’ म्हणाला तर? भट (१९३२–२००३) जन्मले अमरावतीला. तिकडच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसालाच वाऱ्याचा एवढा उपयोग सुचावा.

आणखी एक गंमत बघा. शब्द पुरुषाचे, चाल पुरुषाची, आणि उत्तर द्यायची वेळ आली की पुरुष झोपलेला.

परवा रात्री साडेअकराला मोबाइलवर हेच गाणे लावून मी आमच्या सौ.ला हे सगळे ऐकवले, उचंत खात्यासकट. शेवटी म्हटले, “बिचारी! तो गाढ झोपलाय, आणि हिचं आपलं चाललंय.”

“गाढ कसला डोंबलाचा!” सौ. म्हणाली. “झोपलेल्या माणसाला कुणी इतके प्रश्न विचारतं होय? जागाच आहे तो. आणि तिला ते पक्कं ठाऊक आहे.”

मी गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले. आशाबाईंचा आवाज तेवढाच हळू होता. जाग्या माणसाला तेवढा पुरतो.

“मग बोलत का नाही लेकाचा?” मी विचारले.

“ते तुम्ही सांगा,” सौ. म्हणाली.