सहसंसर्गाची संवेद्यता : जनुक, लिंग आणि लिंगभाव – एक चिकित्सा

प्रस्तावना :
एकाच शरीरात एकाच वेळी दोन रोगजंतूंचा संसर्ग असणे म्हणजे सहसंसर्ग होय. क्षयरोग व एचआयव्ही ही त्याची सर्वपरिचित जोडी. सुप्त क्षयसंसर्ग असलेल्या निरोगी व्यक्तीस आयुष्यभरात क्षयरोग होण्याची शक्यता सुमारे ५ ते १० टक्के असते. एचआयव्हीबाधितास उपचाराअभावी जवळजवळ तेवढाच धोका दरवर्षी संभवतो. तथापि सर्वांची संवेद्यता समान नसते. या भिन्नतेचे केवळ जैविक स्पष्टीकरण कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा येथे केली आहे.

जनुकीय स्पष्टीकरणाच्या मर्यादा :
सीसीआर-५ जनुकाच्या दोन्ही प्रतींत ३२ आधारजोड्यांचा लोप असणाऱ्या व्यक्तींना एचआयव्हीपासून मोठे संरक्षण लाभते, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. मात्र हा लोप मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. सहसंसर्गाचा सर्वाधिक भार वाहणाऱ्या आफ्रिकेत तो दुर्मिळ आहे. शिवाय हाच लोप वेस्ट नाईल विषाणूच्या संसर्गात लक्षणे उद्भवण्याचा धोका वाढवितो, असे २००६ मधील अमेरिकेतील अभ्यासात आढळले. म्हणजेच एका जंतूविरुद्धची ढाल दुसऱ्या जंतूसाठी वाट ठरू शकते. 'एक जनुक, एक रोग' ही मांडणी सहसंसर्गाला म्हणूनच अपुरी पडते.

लिंगाधारित स्पष्टीकरण :
स्त्रियांची प्रतिकारशक्ती पुरुषांपेक्षा सरस असते, हे विधानही सरसकट स्वीकारता येत नाही. बाल्टिमोर येथील १९९८ च्या अभ्यासात एचआयव्हीबाधित स्त्रियांमधील विषाणूभार पुरुषांच्या तुलनेत सुमारे निम्मा आढळला. परंतु एड्सकडे होणारी वाटचाल मात्र सारख्याच वेगाची होती. विषाणूभाराच्या समान निकषावर उपचार सुरू केल्यास स्त्रियांना ते उशिरा मिळाले असते, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. समान विषाणूभार असतानाही स्त्रियांमध्ये प्रतिकारपेशी अधिक उद्दीपित होतात, असे २००९ मध्ये दिसून आले. क्ष-गुणसूत्रावरील टीएलआर-७ जनुकाशी निगडित प्रतिसादाचा त्यात वाटा आहे.

लिंगभावाचा प्रश्न :
२०२२ मधील जागतिक क्षयरुग्णांत पुरुष ५५ टक्के, स्त्रिया ३३ टक्के व बालके १२ टक्के होती. या तफावतीत जीवशास्त्राइतकाच धूम्रपान, मद्यपान व व्यवसाय यांचाही विचार करावा लागतो. शिस्टोसोमा हा परजीवी आफ्रिकेतील नद्या-तलावांतून शरीरात शिरतो. पाणी भरणे, कपडे धुणे ही कामे मुली व स्त्रियांकडे असल्याने पाण्याशी त्यांचा संपर्क वारंवार येतो. या परजीवीमुळे जननमार्गावर व्रण झालेल्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण अधिक असल्याचे २००६ मधील झिंबाब्वेतील अभ्यासात आढळले. येथे सहसंसर्गाची वाट गुणसूत्राआधी श्रमविभागणीने खुली केली आहे.

निष्कर्ष :
जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सर्व एचआयव्हीबाधितांना उपचार देण्याची शिफारस केल्याने निकषांचा जुना प्रश्न बराचसा मिटला. पद्धतीचा प्रश्न मात्र उरतो. स्त्री-पुरुषांची आकडेवारी स्वतंत्र मांडणे ही पहिली पायरी होय. त्या फरकातील किती भाग शरीराचा व किती परिस्थितीचा, हे वेगळे केल्याशिवाय 'संवेद्यता' ही संज्ञा स्पष्टीकरण न ठरता केवळ नामकरण ठरते.