क्लिटोमॅकसचा संशयवाद : एक चिकित्सा

ग्रीक संशयवादाची चर्चा बहुधा पिऱ्हो, आर्केसिलाउस आणि कार्निआडीस यांच्यापाशी थांबते. कार्निआडीसचा शिष्य व पुढे अकादमीचा प्रमुख झालेला क्लिटोमॅकस (सुमारे इ.स.पू. १८७-११०) त्या मानाने उपेक्षित राहिला. तो मूळचा कार्थेजचा. त्याचे मूळ नाव हॅस्ड्रुबल. कार्निआडीसने स्वतः ग्रंथरचना केली नाही. क्लिटोमॅकसने मात्र चारशेहून अधिक ग्रंथ लिहिल्याचे डायोजेनीस लाएर्शियस नमूद करतो. त्यांपैकी एकही आज उपलब्ध नाही. त्याची भूमिका मुख्यतः सिसेरोच्या लेखनातून समजते.

कार्निआडीसच्या पश्चात त्याच्या मताविषयी वाद उद्भवला. ज्ञानी पुरुष प्रसंगी अनिश्चित मताचाही स्वीकार करू शकतो, हे गुरूला मान्य होते, असे मेट्रोडोरसचे प्रतिपादन होते. क्लिटोमॅकसच्या मते ते विधान केवळ वादापुरते होते. कार्निआडीसला नेमके काय मान्य होते हे आपणास कधीच कळले नाही, अशी त्याची कबुली सिसेरोने नोंदविली आहे. ही कबुली अज्ञानाची नव्हे, तर संशयवादाशी असलेल्या निष्ठेची द्योतक ठरते.

संमतीवाचून कृती अशक्य आहे, हा स्टोइकांचा प्रमुख आक्षेप होता. त्यावर क्लिटोमॅकसने भेद केला : एखादी गोष्ट सत्य म्हणून स्वीकारणे वेगळे आणि संभाव्य वाटते म्हणून तिला अनुसरणे वेगळे. जहाजावर चढणाऱ्यास सुखरूप पोहोचण्याची खात्री नसते. तरी तो प्रवास करतो.

या भेदाची खरी कसोटी इ.स.पू. १४६ मध्ये लागली. रोमने कार्थेज उद्ध्वस्त केले, तेव्हा बंदिवान देशबांधवांच्या सांत्वनार्थ क्लिटोमॅकसने ग्रंथ पाठविला. मातृभूमीच्या पाडावाने ज्ञानी पुरुष दुःखी होईल, या मताविरुद्ध कार्निआडीसने केलेला युक्तिवाद त्यात होता. ज्याला कोणतेच मत सत्य म्हणून मान्य नाही, तो सांत्वन कसे करणार, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. परंतु दुःखामागे ‘घोर अनिष्ट घडले’ हा निर्णय असेल, तर त्याच्या विरुद्ध सिद्धांत प्रस्थापित करण्याची गरज उरत नाही. त्या निर्णयाची पकड सैल झाली तरी पुरते. मात्र गुलामगिरी हा केवळ निर्णय नसून वस्तुस्थिती आहे. तिच्यापुढे युक्तिवादाची मर्यादा स्पष्ट होते.

त्याच क्लिटोमॅकसने एक ग्रंथ सेन्सोरिनसला अर्पण केला, इ.स.पू. १४९ मध्ये कार्थेजवर चालून गेलेल्या दोन कॉन्सलांपैकी तो एक होता. हे औदार्य की अलिप्तता, याचा निर्णय उपलब्ध पुराव्यावरून करता येत नाही. तथापि, संशयवाद म्हणजे निष्क्रियता हा समज क्लिटोमॅकसच्या अभ्यासाने निश्चितच दूर होतो.