सरकारी शाळांच्या यशोगाथा : एक वाङ्मयीन विचार

सरकारी शाळेविषयी चांगले काही लिहिले जावे अशी मागणी अलीकडे शिक्षकांकडून वारंवार होते, आणि ती रास्त आहे. गावातील गोरगरिबांची मुले ज्या शाळेत शिकली, तिच्याविषयी वर्तमानपत्रांत छापून येते ते बहुधा गळके छप्पर, रिकामा वर्ग किंवा रखडलेली नेमणूक. ह्या एकांगी चित्राला उत्तर म्हणून ‘यशोगाथा’ नावाचा एक लेखनप्रकार मराठीत रूढ झाला आहे. शिक्षकदिनाच्या पुरवण्या, खात्याच्या पुस्तिका, शाळांच्या स्मरणिका ह्यांतून तो विपुल आढळतो. समीक्षेने त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. मास्तरांनी किंवा मास्तरांविषयी लिहिलेला मजकूर म्हणजे वाङ्मय नव्हे, अशी आपली समजूत असावी. ती आम्हांला मान्य नाही. जे लेखन वाचून एखादा पालक आपल्या मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हे ठरवू शकतो, त्याच्या खरेखोटेपणाची पारख करणे हे टीकाकाराच्या कामाबाहेरचे खास नाही.

हा विचार आम्ही साखळीच्या अनुषंगाने करीत आहोत. त्याला कारण आहे. डिचोली, पेडणे आणि सत्तरी ह्या तालुक्यांत मराठी शाळा ही सरकारने आणून ठेवलेली वस्तू नव्हती. ती सरकारच्या आधी तेथे होती. पोर्तुगीज अमलात ‘सरकारी शाळा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेची प्राथमिक शाळा. मराठी शाळा ही गावाची. ती देवळाच्या अग्रशाळेत, कोणाच्या ओसरीवर, कधी नुसत्या मांडवात भरे. जुन्या पिढीतला शेणवीमाम हा त्या शाळेचा शिक्षक, आणि त्याच्या पोटापाण्याची तरतूद गाव करी. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंच्या संस्थांना काहीसा मोकळा श्वास मिळाला आणि अशा शाळा वाढल्या. म्हणजे साखळीसारख्या गावी ‘सरकारी’ आणि ‘सार्वजनिक’ हे शब्द दीर्घकाळ एकमेकांच्या विरुद्ध अर्थाने नांदत होते. ते एकत्र आले ते गोव्याच्या मुक्तीनंतर. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता संपली. १९६३ च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आले आणि वाड्यावाड्यांवर सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या गेल्या. शिक्षक कमी पडले तेव्हा शेजारच्या महाराष्ट्रातूनही आले. शाळा झाली सरकारची, तरी ती आपली आहे ही गावाची भावना मागील काळातूनच चालत आली होती.

ह्या शाळांपुढील प्रश्न आज शाळा उघडण्याचा नाही, त्या टिकण्याचा आहे. १९९० मध्ये श्रीमती शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण ठरले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्या वादाच्या राजकीय बाजूत आम्ही शिरत नाही. परिणाम मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. सरकारी शाळांचा पट घसरत गेला, काही शाळा बंद पडल्या, काही शेजारच्या शाळेत विलीन झाल्या. अशा वेळी शाळेची यशोगाथा ही कौतुकाची हौस राहत नाही. ती पालकांच्या दारी केलेली विनवणी होते. म्हणूनच ती कशी लिहिली जाते हे पाहावयास हवे.

ती लिहिली जाते ती एका साच्यात. नवा शिक्षक रुजू होतो. शाळेची अवस्था पाहून तो व्यथित होतो. तो पालकांना भेटतो, लोकवर्गणी जमते, भिंतींवर रंगीत चित्रे उमटतात, एखादा दानशूर संगणक देतो, पट वाढतो, शेवटी पुरस्कार. ह्यातील प्रत्येक गोष्ट खरी असू शकते आणि शिक्षकाचे श्रमही खरे असतात. परंतु ह्या गाथेत एक पात्र सहसा नसते, ते म्हणजे शिकणारे मूल. ते येते ते टाळ्या वाजवण्यापुरते किंवा छायाचित्रात ओळीने उभे राहण्यापुरते. त्याला काय येत नव्हते, ते कशाने अडले होते, आणि कोणत्या दिवशी कोणत्या युक्तीने त्याची गाठ सुटली, ह्याचा पत्ता लागत नाही. कीर्तनात पूर्वरंग संपून आख्यानाला सुरुवात होण्याआधीच आरती व्हावी, तसे हे होते. शिवाय रंग, फरशी आणि नळ ह्यांचे श्रेय शिक्षकाच्या त्यागाला देता देता, ह्या वस्तू पुरवणे हे सरकारचे कर्तव्य होते एवढेही आपण विसरून जातो!

अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण घ्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. ह्या औदार्याचे जितके कौतुक करावे तितके थोडे. पण पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना नेमकी कशी चालते, तो कोड उघडून एखादी मुलगी जे ऐकते वा पाहते त्याने तिच्या वाचनात कोणता फरक पडतो, ह्याविषयी सामान्य वाचकाला काय आठवते? रक्कम आठवते. हा दोष शिक्षकाचा नव्हे. ज्यांनी गोष्ट सांगितली त्यांचा आहे. शिकणे ही क्रिया सावकाशीची आणि घरगुती असते. तिला मथळा देणे कठीण, रकमेला सोपे.

ह्याउलट आपल्या वाचनात असलेल्या दोन पुस्तकांकडे पाहावे. गिजुभाई बधेका ह्यांचे ‘दिवास्वप्न’ मूळ गुजराती असले तरी मराठी शिक्षकांना ते परके नाही. ह्या कल्पित कथेतील लक्ष्मीराम चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करण्याची परवानगी शिक्षणाधिकाऱ्याकडून मिळवतो. पहिल्याच दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवू पाहतो, आणि वर्गात असा काही गोंधळ माजतो की त्याची सारी तयारी वाया जाते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग हाती लागतो. पुढे पाठ्यपुस्तकांसाठीच्या पैशांतून तो वर्गाचे वाचनालय उभारतो. आमच्या मते त्या पुस्तकाची सारी विश्वसनीयता पहिल्या दिवसाच्या फजितीवर उभी आहे. फजिती वगळली असती तर उरलेले वर्ष कोणालाही खरे वाटले नसते. शांतता मागितल्याने मिळत नाही आणि गोष्टीने मिळते, हा शिक्षणशास्त्राचा एक सबंध सिद्धान्त तेथे दोन दिवसांच्या अंतरात वाचकाच्या अनुभवास येतो.

दुसरे पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘बनगरवाडी’ (१९५५). ते शाळेचे पुस्तक म्हणून आपण वाचत नाही, पण औंध संस्थानातील एका सरकारी प्राथमिक शाळेची त्याहून खरी हकीकत आमच्या पाहण्यात नाही. मुले मेंढरांमागे जातात, म्हणून मास्तराला आधी गाव जिंकावे लागते. तो लोकांची पत्रे लिहितो, तालुक्याची कामे करतो, तंट्यांत सापडतो. गाव मिळून तालीम बांधते, राजा येतो. यशोगाथा येथेच संपली असती. माडगूळकर पुढे जातात : दुष्काळ पडतो, माणसे मेंढरांसह निघून जातात, शाळा रिकामी होते. तरीही ‘बनगरवाडी’ निराशेचे पुस्तक आहे असे कोणी म्हणत नाही. मास्तराने केलेले काम दुष्काळाने खोटे ठरत नाही, आणि दुष्काळ मास्तराच्या कामाने टळत नाही, ह्या दोन्ही गोष्टी लेखकाने शेजारी शेजारी राहू दिल्या आहेत. नारायण सुर्वे ह्यांची ‘मास्तर तुमचंच नाव लिवा’ ही कविता एका नाव-नोंदणीपुरतीच आहे. पण शाळेचा उंबरठा ओलांडताना मुलाच्या बाजूने काय काय पणाला लागते हे तीत जितके कळते तितके कित्येक अहवालांतून कळत नाही.

आता साखळीकडे परत येऊ. येथील शाळेत अशा गोष्टीला विषय कोणता? आमच्या दृष्टीने सर्वांत संपन्न विषय भाषेचा आहे, आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते. साखळीच्या घरांतून कोकणी बोलली जाते. पहिलीचे पुस्तक मराठी. वाळवंटीच्या काठी वाढलेले मूल नदीला ‘न्हंय’ म्हणते, पाण्याला ‘उदक’. ‘पाणी’ हा पुस्तकातला शब्द त्याला नवा. येथे शिक्षक दोन मार्गांनी जाऊ शकतो. ‘उदक नव्हे, पाणी’ असे म्हणून तो चूक सुधारू शकतो. किंवा त्याला आठवू शकते की ‘उदक’ हा शब्द संतांच्या मराठीत आहे, आणि ‘एखाद्या गोष्टीवर उदक सोडणे’ असे आपण अजूनही म्हणतो. मग मुलाच्या घरचा शब्द चूक राहत नाही. तो चौथीत वाक्प्रचार शिकण्याची पूर्वतयारी होतो. असे अनुभव साखळीच्या शिक्षकांच्या गाठी नसतील हे संभवत नाही. परंतु ते लिहिले जात नाहीत. त्याचे एक कारण संकोच असावे. घरची भाषा कोकणी आहे हे मान्य केले तर मराठी शाळेच्या बाजूला बाध येईल, अशी भीती काहींना वाटते.

ही भीती आम्हांला अनाठायी वाटते. कोकणीच्या कैवारासाठी आयुष्य वेचलेले शणै गोंयबाब १८७७ साली ह्याच डिचोलीत जन्मले. मुलाला त्याच्या घरच्या भाषेतून शिकवावे हा त्यांचा आग्रह होता. निष्कर्षाविषयी मतभेद असू शकतो, आहेतही. पण मुलाच्या तोंडच्या शब्दाकडे दुर्लक्ष करून शिक्षण होत नाही, हे त्यांचे निरीक्षण मराठी शाळेच्या शिक्षकालाही तितकेच उपयोगी आहे. आणि आता प्रश्न केवळ दोन भाषांचा राहिलेला नाही. कामासाठी कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांची मुलेही ह्याच बाकांवर बसतात. कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी लमाणी. तेव्हा साखळीच्या एका वर्गात मराठी ही अनेकांना पुस्तकातून भेटणारी भाषा असते. त्यांना ती कशी आपली होते, ही खरी यशोगाथा. आणि ती पुण्यामुंबईच्या लेखकाला लिहिता येणार नाही.

ती कोणत्या रूपात लिहावी, असे कोणी विचारील. आमची सूचना साधी आहे. शिक्षकाची टाचणवही हेच तिचे बीज. उद्याच्या पाठाचे टाचण प्रत्येक शिक्षक काढतो. पाठ झाल्यावर तो टाचणाप्रमाणे का झाला नाही, एवढे चार ओळींत लिहिले तरी गद्याचा एक जिवंत नमुना तयार होईल. अनुताई वाघ ह्यांच्या कोसबाडच्या लेखनाचा गोडवा ह्याच जातीचा आहे. मुले गुरांमागे जातात असे दिसल्यावर तेथे कुरणावरच शाळा भरवली गेली. त्या लेखनात आधी अडचण दिसते, मग उपाय, आणि कौतुक वाचकावर सोपवलेले असते. मुलांची नावे मात्र अशा लेखनात बदलावीत. गाव लहान असते, आणि सातवीतल्या मुलाला आपले दुसरीतले अडखळणे छापलेले पाहणे आवडत नाही.

एक आक्षेप आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. पट घसरत असताना शाळेची फजिती छापावी काय? विरोधकांच्या हाती ते आयतेच साधन होईल. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे नाही; एखाद्या वाक्याचा दुरुपयोग होऊ शकतो. पण पालक रंगवलेल्या भिंतीवरून शाळा निवडतो ही कल्पना पालकावर अन्याय करणारी आहे. साखळीच्या बाजारात भाजी विकणारी आई आपल्या मुलाला हिशेब येतो की नाही हे कोणत्याही निरीक्षकापेक्षा लवकर ओळखते. तिच्यापुढे सजवलेली गाथा ठेवली तर ती सौजन्याने ऐकून घेईल आणि पोराचे नाव दुसरीकडे घालील. ‘ह्या वर्गातल्या एका मुलाला वजाबाकीत हातचा कळत नव्हता, तीन प्रकारे सांगून पाहिले, चौथ्या वेळी चिंचोक्यांनी जमले’ असे कोणी तिला सांगितले, तर ती निदान पुढचा प्रश्न विचारील. शाळेला हवा आहे तो हा पुढचा प्रश्न. आणि त्यासाठी पुरवणीतील अर्धे पान अपुरे पडत असेल, तर आमच्यासारख्या संस्थांच्या नियतकालिकांनी आपली पाने मोकळी करावीत. डिचोली आणि पेडण्याच्या प्राथमिक शिक्षकांकडून कथास्पर्धेसाठी कथा मागवतो, तशी एका पाठाची हकीकत मागवावी, आणि ती आली की कथेला लावतो त्याच कसोटीने निर्दयपणे वाचावी.