पोषणविचारातील ‘दरी’ : एका रूपकाची परीक्षा

आहाराविषयीची आपली पुष्कळशी मते आपण स्वतः बनविलेली नसतात. वृत्तपत्रांतील मजकूर, जाहिराती आणि वेष्टनांवरील वाक्ये यांच्याद्वारे ती आपणांपर्यंत येतात व शास्त्राच्या नावाने मनात घर करून बसतात. अशा मतांची परीक्षा कशी करावी, याचा धडा विसाव्या शतकातील ‘प्रथिनांच्या दरी’च्या वादातून घेण्यासारखा आहे.

सिसिली विल्यम्स यांनी १९३३ साली गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील बालकांच्या एका विकाराचे वर्णन केले. पुढे त्यास ‘क्वाशिओरकोर’ हे नाव मिळाले आणि प्रथिनांचा अभाव हेच जगातील कुपोषणाचे मुख्य कारण होय, असा समज दृढ होत गेला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९६८ सालच्या अहवालाचे शीर्षकच पाहावे : ‘येऊ घातलेले प्रथिन-संकट टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय कृती’. संकट खरोखर आहे काय, हा प्रश्न विचारावयास येथे जागाच उरत नाही. ‘दरी’ हा शब्दही तसाच. दरी म्हटली की ती भरून काढणे ओघानेच आले. आणि ती भरावयाची ती प्रथिनयुक्त अशा विशेष पदार्थांनी. रूपक हेच प्रमाण होऊन बसते, ते असे.

या समजाला ज्यांनी मूळ प्रश्न विचारला, त्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे हे प्रमुख होत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. ज्यांना प्रथिने कमी पडतात, त्यांना मुळात पोटभर अन्न तरी मिळते काय, असा त्यांचा प्रश्न होता. धान्य व डाळ यांचा आहार पुरेसा असेल, तर त्यातून प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात. तो अपुरा असेल, तर शरीर प्रथिनांचेच इंधन करते. भारतीय आहाराच्या आकडेवारीवरून त्यांनी १९७० साली ही मांडणी केली. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने प्रौढांची प्रथिनांची गरज पूर्वीपेक्षा कमी ठरविली, आणि १९७४ साली डोनाल्ड मॅकलारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाची फजिती म्हणून संभावना केली.

परंतु येथेच थांबणे योग्य होणार नाही. कमी आहाराशी शरीर काही मर्यादेत जुळवून घेते, असेही सुखात्मे यांनी पुढे प्रतिपादिले. आणि या मतामुळे उपासमारीचे मोजमापच कमी भरेल, असा आक्षेप डॉ. सी. गोपालन यांनी निकराने घेतला. पहिल्या मताने प्रभावित होऊन जो दुसरे मत विनापरीक्षा स्वीकारील, त्याने केवळ गुरू बदलला, असेच म्हणावे लागेल. स्वतंत्र विचार म्हणजे रूढ मताला विरोध नव्हे. आपल्याला पटलेल्या मतालाही तोच प्रश्न पुन्हा विचारणे होय.

आजही प्रथिनांच्या भुकटीची जाहिरात ‘कमतरता’ गृहीत धरूनच बोलू लागते. कमतरता कोणाची, किती, आणि ती कोणी मोजली, हे विचारण्यास आहारशास्त्राची पदवी लागत नाही. शब्दाने कोणता प्रश्न झाकला आहे हे ओळखणे, हे तर साहित्याच्या अभ्यासकाचे नित्याचेच काम आहे. ते त्याने ग्रंथालयाच्या दाराशी ठेवून घरी जाऊ नये.